न्यायाधीश निवडणारे कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी मला याच शाळेत नागरिकशास्त्र शिकविले. मैदानावर भांडण झाले की ते पहिला प्रश्न एकच विचारीत, 'पंच कोणी नेमला?' आज मी तोच प्रश्न देशाच्या न्यायसंस्थेपुरता विचारणार आहे. ज्या आयोगाने न्यायाधीश निवडावयाचे, त्या आयोगावर कोणी बसावे?

बडोद्यात या विषयाचा प्रारंभ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासूनच करावा असे मला वाटते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी याच शहरात आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. प्रतिष्ठित माणसांच्या मनातही पूर्वग्रह असतात, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीचे कलम चर्चेस आले. नेमणुकीस सरन्यायाधीशांची संमती आवश्यक ठेवावी, अशी सूचना होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. इंग्लंडप्रमाणे सर्व अधिकार मंत्रिमंडळाकडे देणे त्यांना धोक्याचे वाटत होते, आणि अमेरिकेप्रमाणे विधिमंडळाच्या मान्यतेवर सोडले तर राजकारण शिरेल, असेही ते म्हणाले. पण सरन्यायाधीश हाही अखेर माणूसच, त्यालाही इतरांसारख्या भावना व ग्रह असणार, तेव्हा त्याच्या हाती नकाराधिकार देणे उचित नाही, हे त्यांचे म्हणणे. म्हणून घटनेत शब्द आला तो 'विचारविनिमय'. नेमणूक राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची, आणि सल्ला न्यायाधीशांचा.

हा मध्यममार्ग सज्जनांच्या भरवशावर होता. एप्रिल १९७३ मध्ये, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच, शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून न्या. अजितनाथ राय सरन्यायाधीश झाले. आणीबाणीत नागरिकाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने भिन्नमत देणारे न्या. हंसराज खन्ना १९७७ च्या जानेवारीत डावलले गेले. ज्या पक्षकाराविरुद्ध सर्वाधिक दावे चालतात, तोच पक्षकार पंच नेमतो, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. पुढचा सारा इतिहास या धास्तीतून घडला, आणि ती धास्ती खोटी होती असे मी कदापि म्हणणार नाही.

१९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द सरकारचा मानला; १९९३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवून सरन्यायाधीश व त्यांचे ज्येष्ठ सहकारी यांच्या मताला प्राधान्य दिले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुरती त्या सहकाऱ्यांची संख्या चार ठरली. हाच तो न्यायवृंद, वृत्तपत्रांच्या भाषेत कॉलेजियम. बाबासाहेबांनी जी संमती नाकारली होती ती मागच्या दाराने आली, एवढेच की एका माणसाऐवजी पाच माणसांची.

आयोगाची कल्पना याच काळात पुन्हापुन्हा पुढे येत राहिली. १९९० च्या घटनादुरुस्ती विधेयकात सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठ न्यायाधीश असे तिघेच होते. मंत्री नाही, नागरिक नाही. लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बुडाले. २००३ च्या विधेयकात पाच सदस्य झाले: तेच तिघे, कायदामंत्री आणि एक मान्यवर नागरिक. न्यायाधीशांचे बहुमत तेथे शाबूत होते. तेही लोकसभेबरोबर गेले. २०१४ साली मात्र संसदेने नव्व्याण्णवावी घटनादुरुस्ती व सोबतचा कायदा संमत केला, आणि सदस्य झाले सहा. तीन न्यायाधीश, कायदामंत्री, दोन मान्यवर व्यक्ती.

पाचाचे सहा झाले, त्यात एवढे काय, असे वरकरणी वाटते. पण तीन विरुद्ध तीन झाल्यावर न्यायाधीशांचे बहुमत सरले. शिवाय कायद्यात अशी तरतूद होती की कोणत्याही दोघांनी असहमती दर्शविली तर त्या नावाची शिफारस करता येणार नाही. म्हणजे तिन्ही न्यायाधीश एकमताने ज्याला योग्य ठरवतील त्याला दोन मान्यवर, किंवा एक मान्यवर आणि मंत्री, अडवू शकत होते. आणि हे मान्यवर निवडणार कोण? पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता किंवा सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता. तेथे राजकारणी दोन, न्यायाधीश एक. दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक अथवा महिला यांतील असावा, ही तरतूद मला मनापासून आवडली होती. पण 'मान्यवर' म्हणजे कोण, याची कसोटी कायद्यात शोधून सापडत नव्हती. खरे म्हणजे एखाद्या ग्रंथालयाची समितीसुद्धा सभासदाची पात्रता लिहून ठेवते!

कायद्याबाहेरचा माणूस नकोच, असे मात्र माझे मत नाही. इंग्लंड व वेल्ससाठी २००६ पासून काम करणाऱ्या आयोगात पंधरा सदस्य असून अध्यक्ष न्यायाधीश वा वकील नसावा, असा नियमच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगावर तेवीस जण बसतात, त्यांत संसदेचे प्रतिनिधी दहा, आणि उमेदवारांच्या मुलाखती उघड्यावर होतात. तेथेही वाद होतात. पण ते लोकांना ऐकू येतात.

आपल्याकडील कायदा १३ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला. त्याविरुद्धचे खटले तेव्हा न्यायालयापुढेच होते. मान्यवर निवडण्याच्या बैठकीस येण्यास सरन्यायाधीश दत्तू यांनी नकार दिला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी घटनादुरुस्ती व कायदा रद्द केले. एकटे न्या. चेलमेश्वर विरुद्ध गेले. नवल असे की बहुमतातील न्या. कुरियन जोसेफ यांनीही जुन्या पद्धतीत पारदर्शकता नाही, हे आपल्या निकालात मान्य केले. पुढच्या वर्षी न्या. चेलमेश्वर न्यायवृंदाच्या बैठकांना जाईनासे झाले. चर्चेची नोंद राहत नाही, ही त्यांची तक्रार. २०१७ च्या ऑक्टोबरपासून ठराव प्रसिद्ध होऊ लागले.

आयोगाची एकही बैठक झाली नाही. मान्यवरांच्या त्या दोन खुर्च्यांवर कोण बसले असते, हे कधीच कळणार नाही. त्या रित्या राहिल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला आणि खेदही. गुरुजी असते तर कोणत्या बाजूचे झाले असते, याचा मी बराच विचार केला. पंचाचे नाव सांगण्याआधी त्यांनी मला, 'आणि तू कोणत्या संघात खेळतोस?' असे नक्की विचारले असते.