लाइन चालू आहे, साहेब

घरात आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. त्या क्षणी कुठेतरी तेवढी वीज जादा निर्माण व्हावी लागते. धान्यासारखं विजेचं कोठार भरून ठेवता येत नाही, निदान फारसं नाही. कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची, कुठली वाहिनी बंद ठेवायची, हे जिथून ठरतं त्या जागेला भार प्रेषण केंद्र म्हणतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षं अशाच एका केंद्रात गेली. शेकडो किलोमीटरवरची यंत्रं एका खोलीत बसून पाहायची कशी, या प्रश्नाची उत्तरं कशी बदलत गेली ते मी जवळून पाहिलं आहे.

मी लागलो तेव्हा उत्तर एकच होतं, ते म्हणजे फोन. दर तासाला प्रत्येक उपकेंद्राला फोन करायचा, पलीकडचा ऑपरेटर आकडे वाचून दाखवायचा आणि आम्ही ते लॉगशीटवर उतरवायचे. शेवटचं उपकेंद्र येईपर्यंत पहिल्याचे आकडे शिळे झालेले असत. विनाफोन कळणारी गोष्ट एकच, फ्रिक्वेन्सी. भिंतीवरचा काटा 50 वरून एकदम खाली घसरला की ओळखायचं, कुठेतरी मोठा संच बंद पडला. कुठला, ते मात्र पुन्हा फोननेच कळायचं.

हा फोनही गमतीचा. साध्या टेलिफोनचा भरवसा नव्हता, म्हणून बोलणं चक्क विजेच्या तारेवरूनच जायचं. उपकेंद्राजवळून जाताना वाहिनीच्या टोकाला पिंपासारखं एक वेटोळं दिसतं ना, ते बोलण्याचे उच्च वारंवारतेचे संकेत उपकेंद्राच्या बाजूला निसटू देत नाही. यात एक उणीव होती. वाहिनी तुटून पडली की तिच्यावरचं बोलणंही बिघडायचं. म्हणजे जेव्हा बोलण्याची खरी गरज, नेमका तेव्हाच घोटाळा.

मग उपकेंद्रांत रिमोट टर्मिनल युनिटं आली. मीटरचे आणि ब्रेकरचे संकेत घेऊन ती दर काही सेकंदांनी आमच्या संगणकाकडे पाठवत. पडद्यावर सगळी वाहिन्यांची जाळी जिवंत झाली. आम्ही खूश होतो. लॉगशीटची कारकुनी सुटली होती.

नव्वदीच्या दशकातली एक दुपार मी विसरलेलो नाही. एका वाहिनीवर कामासाठी गँग थांबली होती, परमिट हवं होतं. पडद्यावर वाहिनी बंद, प्रवाह शून्य. मी होकार देणारच होतो. शेजारी बसलेले वरिष्ठ म्हणाले, ‘‘अरे, एकदा विचार तरी.’’ मी जरा नाखुशीनेच फोन लावला. पलीकडून आवाज आला, ‘‘लाइन चालू आहे, साहेब. अँपिअर दाखवतंय.’’ सकाळी ती वाहिनी थोडा वेळ बंद होती, तेवढ्यात तिथला संपर्क अडकला आणि संगणक तेव्हाचाच शून्य आम्हाला दाखवत राहिला. अर्थिंग करण्याआधी तपासणी होते, तेव्हा चूक उघडकीला आलीही असती कदाचित. त्या ‘कदाचित’च्या पलीकडे चार माणसं उभी होती. पुढच्या यंत्रणांत शिळा आकडा वेगळ्या रंगात दिसू लागला. मला तो रंग सगळ्या सुधारणांत मोठा वाटतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेत ओहायोतल्या एका कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचा इशारा देणारा प्रोग्रॅम मुकाट्याने बंद पडला. वाहिन्या झाडांना टेकून एकेक करत बाद होत होत्या आणि पडदा शांत. बाहेरून फोन येत होते, पण ऑपरेटरांनी पडद्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळ व्हायच्या आत अमेरिका आणि कॅनडातली सुमारे 5 कोटी माणसं अंधारात गेली.

आपल्याकडे 2002 ते 2006 या काळात पाचही विभागांत संगणक आणि दळणवळणाची एकत्रित यंत्रणा उभी राहिली. आपला पश्चिम विभाग शेवटचा. आता मनोऱ्याच्या माथ्यावरून, आकाशातली वीज झेलण्यासाठी जी तार जाते, तिच्याच पोटातून काचेचे धागे नेतात आणि माहिती त्यांतून धावते. तरीही 30 आणि 31 जुलै 2012 ला ग्रिड कोसळलंच. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एका झटक्यात गेले. चौकशी समितीने जी उपकरणं लवकर बसवा असं सांगितलं, ती उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून सेकंदाला 25 वेळा मोजमाप पाठवू शकतात. जुनी पद्धत चार सेकंदांनी एकदा पाहत असेल, तर तेवढ्यात विजेची 200 आवर्तनं होऊन जातात.

पाहण्याचं हे झालं. दुरून हुकूम देण्याचं काय? 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधल्या ऑपरेटरांनी पडद्यावरचा बाण आपोआप हलताना आणि ब्रेकर उघडताना पाहिले. कुणीतरी इंटरनेटवरून त्यांच्या खुर्चीत येऊन बसलं होतं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. उपकेंद्रांशी जोडणारी उपकरणंही हल्लेखोरांनी निकामी केली होती. तरी काही तासांत वीज आली, कारण तिथले ब्रेकर अजून हाताने चालवता येत होते आणि ते चालवणारी माणसं नोकरीत होती.

आपल्याकडे आता उपकेंद्रं माणसांविना चालवण्याकडे कल आहे. खर्च वाचतो, हे मी नाकारत नाही. मी फक्त विचारतो, रात्री दोन वाजता तिथे फोन केला तर उचलेल कोण? युक्रेनमधली ती माणसं ऐन हिवाळ्यात गाड्या काढून एकेका उपकेंद्रावर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. पुढे कित्येक आठवडे त्यांना हे काम तसंच, हातानेच करावं लागलं.