टच अँड गो रेकॉर्ड्‌स
पंक व नॉइज रॉक या संगीतप्रकारांच्या ध्वनिमुद्रिका काढणारी अमेरिकेतील स्वतंत्र संस्था. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे टेस्को व्ही व डेव्ह स्टिम्सन यांच्या याच नावाच्या नियतकालिकातून १९८१ मध्ये तिचा उगम झाला; पुढे कोरी रस्क यांनी सूत्रे हाती घेऊन तिचा कारभार कालांतराने शिकागोस नेला. लेखी करारनाम्याऐवजी बहुधा तोंडी शब्दावर विसंबून, ध्वनिमुद्रण, छपाई, जाहिरात इत्यादींचा खर्च वजा जाता उरणारा नफा वादकवृंद व संस्था यांनी निम्मेनिम्म वाटून घ्यावा, हा तिचा दस्तूर ‘बिग ब्लॅक’, ‘द जीझस लिझर्ड’ यांसारख्या वृंदांच्या वाट्याला न्याय्य मोबदला आणणारा होता. लेखी दस्तऐवजाच्या अभावी ‘बटहोल सर्फर्स’ या वृंदाशी उद्भवलेल्या वादाचा निकाल १९९९ मध्ये तिच्याविरुद्ध गेला. तथापि परस्परविश्वासावर अधिष्ठित अशा व्यवहाराचा तिने घालून दिलेला आदर्श लहान प्रकाशनसंस्थांना आजही अनुकरणीय आहे.