शिसपेन्सिलीचीं वस्तुचित्रें

जुन्या दप्तरांत घरांतील चीजवस्तूंच्या याद्या पुष्कळ आढळतात. घंगाळ, तपेलें, समई, पानदान असे जिन्नस नग व वजन यांसह लिहिलेले असतात. परंतु घंगाळाचा कांठ केवढा रुंद होता, समईचें खोड कोठें फुगविलेलें होतें, हें यादी सांगत नाहीं. कारकुनास त्याचें प्रयोजन नव्हतें. ही उणीव ज्या साधनानें कांहीं अंशीं भरून निघेल तें संग्राहक बहुधा रद्दींत घालतात. तें म्हणजे शिसपेन्सिलीनें काढलेलें वस्तुचित्र.

या नांवांतील ‘शिस’ फसवें आहे. इंग्लंडांत बॉरोडेल येथें 16व्या शतकांत सांपडलेलें काळें द्रव्य शिशाचाच प्रकार समजलें गेलें. शेले या रसायनज्ञानें 1779 सालीं तें कार्बन असल्याचें दाखविलें, व 1789 सालीं वेर्नर यानें त्यास ग्रॅफाइट म्हटलें. ज्या ग्रीक क्रियापदावरून हें नांव आलें त्याचे, आपल्या ‘लिख्’ धातूप्रमाणेंच, लिहिणें व चित्र रेखाटणें असे दोन्ही अर्थ होतात. आमच्या बोलण्यांतील शिसें मात्र राहिलें तें राहिलेंच.

पोथ्यांची काजळाची मसी हीही कार्बनच. म्हणून मसीप्रमाणेंच पेन्सिलीची रेघ उजेडानें विटत नाहीं. आणि हिराकस व मायफळ यांची शाई कागद खाते तसा उपद्रवही हिच्यापासून नाहीं. भय एकच, तें घासटण्याचें. दोन चित्रांमध्यें पातळ गुळगुळीत कागद घातला म्हणजे काम भागतें.

मुंबईंत 1857 सालीं सर ज. जी. कलाशाळा निघाली, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांसाठीं आजही विद्यार्थी भांडीं समोर मांडून बसतात. हा निव्वळ सराव, यांत इतिहास कसला, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें सराव म्हणूनच त्याचें मोल. देवदेवतांच्या चित्रांत चित्रकार भांड्यास सजवितो. येथें तांब्याचा पोचा तसाच राहतो, आणि कांठाची लंबवर्तुळाकृति जुळावी म्हणून मूल त्या एका कडेकडे जितका वेळ पाहतें, तितका घरच्या माणसांनीं जन्मांत पाहिलेला नसतो. मडक्याच्या पोटावर उजेड कोठें संपतो तें ठरवितांना तर त्याचा हात कितीदां थबकला, हें खोडरबरानें झिजलेल्या कागदावरून आजही कळतें.

असें चित्र हातीं आल्यास तें कोणत्या गांवच्या, कोणत्या घरून आलें, तें पाठीमागें लागलीच टिपावें. तेंही मऊ शिसपेन्सिलीनें, शाईनें नव्हे.