गुडघा बदलायचाय? सर्जन ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या

शेतातली निम्मी कामं वाकून, उकिडवं बसून होतात. त्यामुळे साठीनंतर गुडघे दुखत नाहीत असं घर गावात क्वचितच सापडेल. 'वंगण संपलं, वाटी बदलावी लागेल' असं कानावर आलं की घरचे आधी खर्च विचारतात. डॉक्टर कोण, हा प्रश्न मागंच राहतो. पाव्हण्यांचं जिथं झालं तिथं, नाहीतर शिबिरात ज्यांनी फुकट एक्स-रे काढला त्यांच्याकडं, असं ठरून जातं.

शिबिराला जायला हरकत नाही, पण तिथंच ऑपरेशनची तारीख घेऊ नये. झोपवून काढलेल्या एक्स-रेत झीज नीट कळत नाही, पायावर भार देऊन उभ्यानं काढलेला लागतो. चांगला सर्जन तो बघतो, पेशंटला चालायला लावतो, दुखणं कमरेच्या नसेचं तर नाही ना हे तपासतो. गोळ्या, व्यायाम, वजन कमी करून काही वर्षं निभणार असेल तर तसं सांगतो. 'अजून थांबा' म्हणणारा डॉक्टर विश्वासाचा. दुसऱ्याचं मत घेतलं म्हणून चिडणाऱ्याकडं न गेलेलं बरं.

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर बघता येते. मात्र एम.एस. ऑर्थो पाटी असली तरी कोणी मुख्यतः फ्रॅक्चर बघतं, कोणी मणका. म्हणून 'महिन्याला किती गुडघे बदलता?' हे सरळ विचारा. यात उद्धटपणा नाही. हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

तालुक्याला बऱ्याचदा मोठ्या शहरातला सर्जन ठरल्या दिवशी येतो, ऑपरेशनं करतो आणि रात्री परत जातो. हात चांगलाही असेल. पण या ऑपरेशनात सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची, आणि तो आठवड्यानं, महिन्यानं, कधी त्याहून उशिराही दिसतो. जखमेतून पाणी आलं, ताप भरला, पोटरी सुजून दुखायला लागली तर कोण बघणार? सांध्यात पू झाला तर कधी कधी बसवलेला सांधा काढून, काही आठवडे अँटिबायोटिक देऊन पुन्हा नवा बसवावा लागतो. तेव्हा मागं थांबणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि नंबर आधीच लिहून घ्या. 'आमचा स्टाफ आहे' एवढ्यावर गप्प बसू नका.

शुगर वाढलेली, बोटांत चिखल्या, पायाला जखम, दात किडलेला, हे सगळं बरं केल्याशिवाय सर्जन ऑपरेशनला घेत नसेल तर तो काळजी घेणारा आहे. पुढची तारीख दिली म्हणून नाराज होऊ नये.

पैशाचंही बोलून घ्यावं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी होती. बिलात सांध्याची किंमत वेगळी, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर टाकून लिहिणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. 'पॅकेजमध्ये सगळं आलं' हे उत्तर चालत नाही. रोबोटनं करतो म्हणून जास्त पैसे सांगितले, तरी रोबोट चालवणारा सर्जनच असतो, हे लक्षात ठेवावं. फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन कुठं बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो.

महिनाभरात मांडी घालाल, खुरपायला बसाल, असं कोणी छातीठोक सांगत असेल तर जपून. नव्या गुडघ्यावर चालणं, जिना चढणं होतं, पण उकिडवं बसणं बहुतेकांना टाळायला सांगतात. घरात कमोडची सोय आणि रोजचा व्यायाम घेणारं कोणीतरी लागतं.

रुग्णालयं तिसऱ्या दिवशी चालणाऱ्या पेशंटचे व्हिडिओ दाखवतात. त्यापेक्षा ऑपरेशनला वर्ष झालेले, आपल्या भागातले दोघं-तिघं शोधा. रात्री दुखतं का, बांधावरून चालता येतं का, टाके सुजले तेव्हा डॉक्टर भेटले का, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा.