छेडछाड... कॉम्प्युटरची

भाचा न्यूयॉर्क राज्यातल्या एका कॉलेजात शिकायला गेला. लॅबमध्ये बसण्याआधी त्याच्यापुढे नियमांचा कागद आला. त्यात 'कॉम्प्युटर टॅम्परिंग हा गुन्हा आहे' असं एक वाक्य. रात्री त्याचा फोन. "मामा, टॅम्परिंग म्हणजे नक्की काय रे?" मी म्हटलं, छेडछाड. आणि दोघंही हसत सुटलो. आपल्याकडे छेडछाड म्हटलं की कट्ट्यावरची टवाळ पोरंच डोळ्यांसमोर येतात. मग फेरफार, ढवळाढवळ, लुडबूड असे शब्द लावून पाहिले, पण एकही नीट बसेना.

म्हणून थोडं वाचत बसलो, तर गंमत कळली. अमेरिकेतल्या कोर्टांचीही हीच पंचाईत झाली होती. तिथे बहुतेक गुन्ह्यांचे कायदे प्रत्येक राज्य आपापले करतं. पण १९७८च्या आधी कुठल्याच राज्याकडे या गोष्टीसाठी वेगळा शब्द नव्हता. होता तो जुना 'चोरी' हा शब्द.

१९७७ सालचा व्हर्जिनियातला एक खटला बघा. संख्याशास्त्रात पीएच.डी. करणारा एक विद्यार्थी. मार्गदर्शकांनी त्याच्यासाठी कॉम्प्युटरचं खातं मंजूर करून घ्यायचं राहून गेलं, आणि हा दुसऱ्यांच्या खात्यांवर काम करत राहिला. तेव्हा मशीनच्या वेळेचा हिशेब डॉलरमध्ये लागायचा, आणि बेकायदा वापराचा आकडा २६ हजारांच्या वर सांगितला गेला. मोठ्या चोरीचा खटला झाला, खालच्या कोर्टात तो दोषीही ठरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला सोडलं. चोरी म्हणजे वस्तू उचलून नेणं. मशीनचा वेळ कसा उचलणार? बरं, त्याच्याकडे छापील कागदांचे गठ्ठे सापडले होते, पण त्यांची किंमत विद्यापीठाच्या लेखी रद्दीएवढीच! मला हा निकाल फार आवडला. न्यायाधीशांनी शब्द ताणला नाही. कायद्यात नाही म्हणजे नाही, हवा असेल तर विधिमंडळाने करावा. आणि पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने कॉम्प्युटरचा वेळ ही मालमत्ता आहे असा कायदा केलाही.

न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली असंच झालं. शिक्षण मंडळाचा एक प्रोग्रॅमर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी ठेवत होता. :-) तोही सुटला. 'सेवा चोरणे' हा गुन्हा जो सेवा विकतो त्याच्या बाबतीत, आणि मंडळ काही कॉम्प्युटर भाड्याने देत नव्हतं.

शर्यतींवरून आठवलं. या विषयावरचे पहिले कायदे फ्लोरिडा आणि ॲरिझोनाने १९७८ साली केले, आणि फ्लोरिडाच्या कायद्यामागे चक्क कुत्र्यांच्या शर्यती होत्या. मायामीजवळच्या फ्लॅगलर ट्रॅकवर पैजांचा हिशेब कॉम्प्युटर ठेवायचा. पहिले तीन कुत्रे क्रमाने ओळखायचे, असा एक पैजेचा प्रकार होता. आतल्याच लोकांनी कॉम्प्युटरमध्ये गडबड करून जिंकलेली खोटी तिकिटं छापली. १९७७ साली हे उघड झालं आणि गवगवा झाला. आमदारांनी घाईने (असं मला वाटतं) कायदा इतका रुंद केला की, परवानगीशिवाय जाणूनबुजून कॉम्प्युटरमध्ये शिरणं हाच गंभीर गुन्हा, म्हणजे फेलनी. आत जाऊन काही बिघडवलं का, हा प्रश्न नंतरचा.

न्यूयॉर्कने १९८६ साली वेगळी वाट धरली. नुसता विनापरवाना वापर हा छोटा गुन्हा. तोही मूळ कायद्याप्रमाणे मशीनला पासवर्डसारखं काही कुलूप असेल तरच. ती अट पुढे गेली. टॅम्परिंग म्हणजे त्यापुढचं. परवानगी नसताना दुसऱ्याचा डेटा किंवा प्रोग्रॅम मुद्दाम बदलणं किंवा नष्ट करणं. त्याच्या आज चार पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची छोट्या गुन्ह्यात मोडते. नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं की फेलनी, ३,०००च्या वर आणखी मोठी, आणि ५०,०००च्या वर गेलं तर १५ वर्षांपर्यंत कैद. (आपल्या २००० सालच्या आयटी कायद्यातही कलम ६५ मध्ये टॅम्परिंग आहे, पण ते फक्त कायद्याने जपून ठेवायला लागणाऱ्या सोर्स कोडपुरतं.)

डॉलरची शिडी दिसायला न्याय्य. पण नुकसान मोजायचं कसं आणि कोणी? कॅन्ससमध्ये एका तरुणाने मॉडेमवरून टेलिफोन कंपनीच्या कॉम्प्युटरांना पुन्हा पुन्हा फोन लावले. पासवर्ड ओलांडून तो आत गेल्याचा पुरावा नव्हता. कंपनी म्हणाली, तपासावर आणि नव्या बंदोबस्तावर आमचे २३ हजारांहून जास्त डॉलर गेले, ते याने केलेलं नुकसान. तिथल्या कायद्यात प्रवेशाच्या व्याख्येत 'जवळ जाणं' असाही शब्द होता! १९९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी नाकारल्या. दाराशी येणं म्हणजे आत येणं नव्हे, आणि घाबरून नवं कुलूप बसवलं तर त्याची किंमत म्हणजे जुन्या दाराचं नुकसान नव्हे.

फ्लोरिडाचा कायदा मात्र रुंद तो रुंदच. २०१५ साली तिथल्या चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने शिक्षकाच्या कॉम्प्युटरवरचं वॉलपेपर बदलून दोन पुरुष चुंबन घेत असलेलं चित्र लावलं. पासवर्ड काय, तर शिक्षकाचं आडनाव. मुलांना तो माहीत होता. ही खोडी वाईटच, शाळेने शिक्षा करावी. पण पोलिसांनी त्याला अटक केली, आणि आरोप फेलनीचा. डेटा कोणाचाही गेला नव्हता. शर्यतीत लोकांचे पैसे लाटणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून जन्मलेला कायदा सदतीस वर्षांनी आठवीतल्या पोरापर्यंत पोचला. त्या राज्यातल्या कुत्र्यांच्या शर्यती २०२०च्या अखेरीस मतदारांच्या कौलाने कायमच्या बंद झाल्या. कायदा आहेच.

असो. भाच्याला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. बटणं दाबलीस म्हणून टॅम्परिंग होत नाही, पण मित्राच्या लॉगिनवर बसू नकोस, एवढंच म्हणालो. "अरे मामा, तो कागद मी दुपारीच सही करून दिला," म्हणाला.