वऱ्हाडच्या हवेंतलीं गाणीं

अकोल्यास सायंकाळीं रेडिओची कळ फिरवावी, तों ९१.१ मेगाहर्ट्झवर 'रेडिओ सिटी'चें हिंदी चित्रपटगीत लागतें. थोडें पुढें सरकून १०२.४ वर गेलें कीं आकाशवाणीच्या अकोला केंद्राचा संथ मराठी आवाज भेटतो. दोहोंचीं गाणीं याच शहरांतून आकाशांत सुटतात आणि दोहोंना आपण 'आपलें केंद्र' म्हणतों. परंतु केंद्राचा मनोरा आपल्या गांवांत असणें आणि त्यावरचें गाणें आपल्या गांवचें असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गेल्या पाऊणशें वर्षांत वऱ्हाडाकडे मनोरा जवळ जवळ येत गेला, आणि गाण्याची निवड मात्र लांब लांब जात राहिली, असें आमचें मत झालें आहे.

आपल्या देशांत नियमित नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस सुरू झाली. ती चालविणारी खासगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि तो संसार सरकारच्या गळ्यांत पडला. १९३६ सालीं त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. वऱ्हाडाच्या जवळचें असें पहिलें केंद्र म्हणजे नागपूर. तें १६ जुलै १९४८ रोजीं निघालें. वऱ्हाड त्या वेळीं मध्यप्रांताला जोडलेला होता, म्हणून नागपूर केंद्राला मराठी आणि हिंदी अशा दोन्ही श्रोत्यांचा सांभाळ करावा लागे. आज अकोल्याच्या हवेंत हिंदीच फार झाली, अशी तक्रार जे करतात त्यांनीं हें विसरूं नये. हिंदी गाणें आमच्याकडे परवां आलेलें नाहीं.

नागपूर केंद्राच्या जन्माच्या वेळीं एक चमत्कारिक नियम अमलांत होता. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवरून हार्मोनियमला हद्दपार करण्यांत आलें होतें. पेटीचे सूर ठोकून बसविलेले, तिला मींड काढतां येत नाहीं, आणि तिची स्वररचना पाश्चात्य, असे आक्षेप होते. संगीतशास्त्राच्या दृष्टीनें त्यांत तथ्य होतेंच. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोरांचा त्यांना पाठिंबा होता. पण हा नियम करणारांच्या डोळ्यांसमोर दिल्ली-लखनौचे सारंगिये होते. दर गुरुवारीं देवळांत बसणारें दर्यापूर-अकोटकडचें भजनी मंडळ नव्हतें. त्या मंडळांत पेटी काढून घ्यायची म्हणजे सूर धरणारा माणूसच उठवायचा! ही हद्दपारी सुमारें तीन दशकें टिकली. तुकडोजी महाराजांची खंजिरी तेवढी या नियमाच्या कचाट्यांत सांपडण्यासारखी नव्हती, हें आमचें भाग्य.

पेटीनंतर पाळी आली चित्रपटगीतांची. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ मराठी, विद्वान, आणि अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. त्याच वर्षीं शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, गायकांच्या कठोर परीक्षा होऊं लागल्या, आणि चित्रपटगीतांना कात्री लागली. गाण्याबरोबर चित्रपटाचें नांव सांगावें कीं नाहीं, यावरून निर्मात्यांशीं वाद झाला, आणि तीं गाणीं हवेंतून जवळजवळ नाहींशींच झालीं. परिणाम काय झाला? श्रोत्यांनीं कळ फिरवली. लघुलहरींवर कोलंबोचें रेडिओ सीलोन लागत असे, आणि तेथून त्याच १९५२ सालीं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. लोकांची अभिरुची सुधारण्यासाठीं दिल्लीनें जें दार लावलें, तें एका दंतमंजनाच्या कंपनीनें समुद्रापलीकडून उघडलें. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारनेंच 'विविध भारती' काढली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथें तीवर जाहिराती वाजूं लागल्या. तत्त्वाचा इतका उघड पराभव सरकारी इतिहासांत क्वचितच सांपडेल.

केसकरांवर आम्ही अन्याय करूं इच्छीत नाहीं. त्यांच्याच कारकिर्दींत, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस, पुणें केंद्रानें माडगूळकर-फडक्यांचें 'गीतरामायण' सुरू केलें आणि वर्षभरांत त्याचीं ५६ गीतें महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचलीं. केंद्रानें मनांत आणलें तर तें तबकड्या वाजविण्यापलीकडे जातें, स्वतः गाणें जन्मास घालतें, याचा याहून मोठा पुरावा नको. मात्र हें कार्य पुण्यास झालें, कारण कवि आणि संगीतकार पुण्यास होते, व केंद्राला त्यांच्यापर्यंत चालत जातां येत होतें. अकोल्याचा गायक नागपूरपासून अडीचशें किलोमीटरांवर. त्यानें गाडी धरून जावें, परीक्षा द्यावी, उत्तीर्ण झाला तर पुन्हा जावें. शेतावरच्या गड्याकडून तें होणें नव्हतें, आणि पेरणीचीं गाणीं तर त्याच्याच गळ्यांत होतीं.

म्हणून एफ. एम. चें महत्त्व. या लहरी सरळ रेषेंत जातात. मनोऱ्याची नजर पोंचेल तेवढाच त्यांचा मुलूख. नागपूरच्या मध्यमलहरींत वळवाच्या दिवसांत जी खरखर मिसळे ती यांत नाहीं. स्वर स्वच्छ, पण पल्ला आखूड. हा आखूडपणाच येथें गुण ठरला: ज्याचा आवाज जिल्ह्याबाहेर फारसा जात नाहीं, त्यानें जिल्ह्याचेंच बोलावें, ही कल्पना आपोआप सुचते. देशांतलें पहिलें एफ. एम. प्रक्षेपण १९७७ सालीं मद्रासेस झालें, आणि पहिलें स्थानिक केंद्र १९८४ सालीं नागरकोइलला निघालें. त्यानंतर ठिकठिकाणीं जीं जिल्हा केंद्रें निघालीं त्यांतच आमचें अकोला आणि यवतमाळ. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ होतें. कपाशीवरच्या बोंडअळीचें बोलणें, त्याच्या मागून एखादें भजन, मग भावगीत, मग चित्रपटगीत, असा मिसळीचा कार्यक्रम अशा केंद्राला शोभून दिसतो. त्यांत शिस्त कमी असते, क्वचित् कंटाळाहि येतो. पण त्यांतला माणूस आपल्या ओळखीचा असतो.

पुढें काळ बदलला. हवेंतल्या लहरी ही कोणाची मक्तेदारी नसून सार्वजनिक संपत्ति आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला, आणि २००१ सालीं बंगळूरला पहिलें खासगी केंद्र सुरू झालें. २००५ च्या धोरणानें तीं अकोल्यासारख्या शहरांपर्यंत आणलीं. या धोरणाचीं कलमें संगीताच्या इतिहासकारानें मुद्दाम वाचावींत, कारण गाणें कसें बदललें याचें उत्तर तेथें आहे. खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी. मग गाणें हाच त्याचा सगळा माल. उत्पन्न केवळ जाहिरातींचें, आणि मोठ्या जाहिराती देणारा बसतो मुंबईस. लहान शहरांतल्या केंद्रांना एका ठिकाणीं तयार झालेला कार्यक्रम दुसऱ्या ठिकाणीं वाजविण्याची मुभा त्याच धोरणानें दिली, आणि पुढील टप्प्यांत ती मुभा देशभर पसरली. अशा हिशेबांत सांगली, नांदेड, जळगांव आणि अकोला यांना एकच गाणें ऐकविणें स्वस्त पडतें. येथें कोणा व्यवस्थापकाचा दुष्टपणा शोधण्याचें कारण नाहीं; केसकरांच्या दिल्लीनें जसा आमचा कान विचारला नाहीं, तसा या हिशेबानेंहि विचारला नाहीं, इतकेंच.

यांतून एक मौजेची गोष्ट झाली. कविवर्य सुरेश भट अमरावतीचे. त्यांचे शब्द अमरावतीच्या घरोघरीं पोंचले ते बहुतांशीं मंगेशकरांच्या स्वरांतून, म्हणजे मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयाला वळसा घालून. डॉ. विठ्ठल वाघ अकोल्याचे. त्यांचें तिफणीचें गीत 'अरे संसार संसार' या चित्रपटांत गेलें, आणि मग तें अकोल्याच्या हवेंत शिरलें. ज्या काळ्या मातींत तें गीत उगवलें, तेथून केंद्र हाकेच्या अंतरावर. पण गाण्याला प्रवास करावा लागला तो मुंबईपर्यंत आणि परत. ज्यांच्या नशिबीं मुंबईचा शिक्का नव्हता, त्या दंडारवाल्यांचें आणि जात्यावर गाणाऱ्या बायांचें काय झालें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आम्ही अकोल्याहून मोटारीनें अमरावतीस जातों, तेव्हां गाडींतला रेडिओ मुद्दाम चालू ठेवतों. बोरगांव मंजूपर्यंत गाणें स्वच्छ असतें. मूर्तिजापूर मागें पडलें कीं त्यांत खरखर शिरते, एखादी ओळ येते, एखादी जाते. बडनेऱ्याचे दिवे दिसण्यापूर्वींच केव्हां तरी आवाज संपतो. त्या मधल्या पट्ट्यांत दोन्ही बाजूंना कपाशीचीं शेतें आहेत, आणि गाडी थांबवून कांच खालीं केली तर पऱ्हाटी वेचणाऱ्या बाया कांहीं तरी गुणगुणत असतात. परवां थांबलों होतों. शब्द नीट कळले नाहींत, पण चाल चित्रपटांतली नव्हती.