बॉयकॉट आणि वाळीत

परवा भाचीने विचारलं, "मामा, बॉयकॉटमध्ये बॉय कशाला?" खरं तर त्यात मुलगाही नाही आणि खाटही नाही. ते एका माणसाचं आडनाव.

आयर्लंडच्या मेयो परगण्यातला कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहाच्या पुढे जाईना. बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारलं होतं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गोळी घाला, असे आवाज उठले. पार्नेल म्हणाला, याहून चांगला उपाय आहे: रस्त्यात, दुकानात, देवळातसुद्धा त्याच्याशी संबंध ठेवू नका.

हा उपाय पहिला नावारूपाला आला तो बॉयकॉटवर. नोकर गेले, लोहार येईना, दुकानदार माल देईना. शेवटी उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई! पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा तेव्हाचा अंदाज.

याला म्हणायचं काय? रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार सांगतो, की 'ऑस्ट्रसाइझ' हा शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही म्हणून फादर ओमॅली यांनी बॉयकॉटच्या नावाचंच क्रियापद केलं. ते युरोपभर पसरलं. पोर्तुगीजांनीही 'बॉयकोटार' केलं.

मराठीत मात्र शब्द आधीच तयार होता. १९०५च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बॉयकॉट आला तो 'बहिष्कार' होऊन. गोम आहे ती इथे. आयरिश कुळांनी जे केलं ते खालून वर. आपला बहिष्कार मूळचा जातीचा, वरून खाली. आंबेडकरांनी १९२७ साली पत्राचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं ते याच जुन्या अर्थाने. एकाच शब्दात विलायती कापड नाकारणारा आणि माणूस नाकारणारा, दोघेही बसतात. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ साली.

आजी मात्र बहिष्कार म्हणत नसे, 'वाळीत टाकलां' म्हणायची. आमच्या वाड्यावरच्या एका घराची गोष्ट ती सांगे. मुलीने परजातीत लग्न केलं एवढंच कारण. न्हावी बंद, भटजी बंद, विहिरीवर ती बाई आली की बाकीच्या घागरी उचलून बाजूला. म्हातारा वारला तेव्हा खांदा द्यायला नदीपलीकडच्या गावातून चार माणसं आणावी लागली.

"आणि आपल्या घरचे?" मी एकदा विचारलं. आजी तांदूळ निवडत राहिली.